गोळी कमी केल्यावरचा प्रत्येक त्रास म्हणजे आजार परतला असं नसतं

डिप्रेशनची गोळी कमी केली आणि चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू झाले की घरचे लगेच म्हणतात, बघ, आजार परत आला! अहो, दरवेळी तसं नसतं. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू झालेला आणि मूळ आजारात कधीच नसलेला त्रास बहुतेकदा गोळी कमी केल्याचाच असतो, आजार परतायला सहसा आठवडे-महिने जातात. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनच्या गोळ्या शरीरातून पटकन निघून जातात म्हणून त्यांचा त्रास जास्त. आणि डोस कमी करायचा म्हणून एक दिवसाआड गोळी घेणं तर नकोच, रक्तातली पातळी सारखी वरखाली होते. शेवटचे छोटे डोस सोडणंच सगळ्यात जड जातं, तिथे अजिबात घाई नको. सहन होत नसेल तर डॉक्टरांशी बोलून आधीच्या डोसवर जा, मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी गाठा त्यांना.