संगीतावरून बांधलेल्या फॅन थिअरी (गेम ऑफ थ्रोन्स)

मालिकेचे पार्श्वसंगीत, पात्रांच्या तोंडची गाणी आणि श्रेयनामावलीवर वाजणारे गीत यांच्या आधारे पात्रांमधले नाते, कुणाचे जन्मरहस्य किंवा पुढची घटना यांविषयी चाहते जो तर्क मांडतात, त्याला संगीतावरून बांधलेली फॅन थिअरी म्हणतात. कल्पनारम्य मालिकांमध्ये हा प्रकार सर्वाधिक बहरला तो ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे. एचबीओची ही मालिका 17 एप्रिल 2011 ते 19 मे 2019 या काळात 8 सीझन आणि 73 भागांत प्रसारित झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 1996 पासून प्रसिद्ध होत आलेल्या कादंबरीमालेवर ती बेतलेली आहे. (या नोंदीत शेवटापर्यंतचे कथानक उघड केले आहे.)

या मालिकेवर अशा थिअरी बांधता आल्या याचे मुख्य कारण म्हणजे आठही सीझनचे संगीत रमिन जवादी या एकाच संगीतकाराचे आहे. पहिल्या सीझनमधली धून सातव्यात पुन्हा ऐकू आली, तर ती त्याच हाताने आणलेली असते. तरीही सगळे पुरावे सारख्या वजनाचे नसतात. कथेतल्या माणसांना ऐकू येणारी गाणी, म्हणजे मेजवानीतली, सैनिकांच्या तोंडची, शिट्टीवर वाजवलेली, बहुतेक मार्टिन यांच्या कादंबऱ्यांतून आलेली आहेत. ज्या लेखकाला कथेची दिशा ठाऊक आहे त्याने ती पेरली. पार्श्वसंगीत मात्र त्या त्या सीझनचे चित्रीकरण आणि संकलन झाल्यावर रचले जाते. त्यामुळे गाण्यावर उभी राहिलेली थिअरी सहसा टिकते आणि नुसत्या पार्श्वसंगीतावरची बऱ्याचदा कोसळते. मालिकेतल्या जवळजवळ प्रत्येक गाजलेल्या थिअरीत हा फरक दिसतो.

धुनांची मांडणी

शीर्षकसंगीताची सुरुवात चार स्वरांच्या एका आवर्तनाने होते. पांढरी एक हा सा धरला तर ते प, सा, कोमल ग, म असे वाजते. पहिले दोन स्वर लांब, पुढचे दोन आखूड, आणि प वरून सा वर खाली उतरायचे. काही आवर्तनांनंतर फक्त ग बदलतो. कोमलाचा शुद्ध होतो आणि उदास वाटणारी तीच ओळ क्षणभर उजळते. मग चेलोवर मुख्य धून सुरू होते. मालिकेत चेलोला असा मान मिळाला कारण निर्मात्यांना या प्रकारच्या कथांमध्ये सर्रास वापरली जाणारी बासरी नको होती.

पात्रे शेकड्यांनी असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र धून दिलेली नाही. धुना मुख्यतः घराण्यांच्या आहेत. विंटरफेल किल्ल्याच्या स्टार्क घराण्याची धून पहिल्या सीझनच्या ‘गुडबाय ब्रदर’ या रचनेत स्पष्ट ऐकू येते. स्टार्कांची धाकटी मुलगी आर्या हिला डल्सिमरचा, म्हणजे लहान हातोड्यांनी वाजवायच्या तंतुवाद्याचा, वेगळा नाद मिळाला. पदच्युत टारगेरियन राजघराण्यातल्या डेनेरिसची धून सीझनगणिक मोठी होत गेली आणि पुढे तिला वृंदगानाची जोड मिळाली. नात्यांविषयी तर्क करताना हे विसरले की घोटाळा होतो. दोन पात्रांच्या प्रसंगात स्टार्क धून वाजली म्हणजे ती त्या दोघांच्या प्रेमाची धून ठरत नाही. बहुतेक वेळा विषय घराचा, वारशाचा किंवा मेलेल्या वडिलांचा असतो.

‘द रेन्स ऑफ कॅस्टामिअर’

संगीत आधी सांगते आणि कथा मागून येते, याचा सर्वांत स्वच्छ नमुना हे गाणे आहे. लॅनिस्टर घराण्याचा प्रमुख टायविन याने बंड करणारे रेन घराणे समूळ नष्ट केले, त्याचे हे गाणे. शब्द मार्टिन यांच्या 2000 सालच्या तिसऱ्या कादंबरीतले, चाल जवादी यांची. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात टायविनचा मुलगा टिरियन ते शिट्टीवर वाजवतो. त्याच सीझनच्या नवव्या भागाच्या श्रेयनामावलीवर ‘द नॅशनल’ या बँडने गायलेले रूप येते. पुढे हीच चाल लॅनिस्टरांची धून बनली.

तिसऱ्या सीझनच्या आठव्या भागात टायविनची मुलगी सर्सी आपल्या होणाऱ्या सुनेला, मार्जरीला, रेन घराण्याची गोष्ट सांगते. नवव्या भागाला गाण्याचेच नाव आहे. त्या भागात लग्नाच्या मेजवानीत दारे बंद होतात, सज्जातले वादक ही चाल धरतात आणि स्टार्क प्रमुख नेड याची विधवा कॅटलिन हिला स्टार्कांची कत्तल होणार हे कळते. लॅनिस्टर तिथे कुणीच नाही, पण यजमान वाल्डर फ्रे आणि स्टार्कांचा सरदार रूस बोल्टन यांचे टायविनशी असलेले गुप्त साटेलोटे त्या सुरांतून उघडे पडते. वादकांत ‘कोल्डप्ले’चा ढोलकवादक विल चॅम्पियन आहे. भागाची श्रेयनामावली पूर्ण नि:शब्द जाते.

चौथ्या सीझनची सुरुवात टायविन नेड स्टार्कची तलवार वितळवून तिच्या दोन करतो या दृश्याने होते, आणि तिथेही हीच चाल आहे. त्यांपैकी एक तलवार टायविनचा मुलगा जेमी याच्याकडून स्त्री-योद्धा ब्रिएनकडे जाते व ती तिचे नाव ओथकीपर ठेवते. लॅनिस्टरांच्या सुरात घडलेले पाते स्टार्कांच्या मुलींच्या रक्षणासाठी निघते. जेमी आणि ब्रिएन यांचे नाते घराण्याच्या निष्ठेच्या विरुद्ध जाणार, असा अंदाज चाहत्यांनी इथूनच बांधला होता आणि तो बराचसा खरा ठरला.

अस्वल आणि कुमारी

‘द बेअर अँड द मेडन फेअर’ हे कादंबऱ्यांतले थट्टेखोर लोकगीत आहे. तिसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात जेमी आणि ब्रिएनला पकडून नेणारे शिपाई ते गातात. जेमीचा हात तोडला जातो आणि लगेच श्रेयनामावलीवर ‘द होल्ड स्टेडी’ या बँडचे दणदणीत रूप सुरू होते. सातव्या भागाला याच गाण्याचे नाव आहे. त्यात ब्रिएनला लाकडी तलवार देऊन अस्वलासमोर टाकतात आणि जेमी नि:शस्त्र खड्ड्यात उडी घेतो.

यावर तीन जोड्यांच्या थिअरी उभ्या राहिल्या. जेमी–ब्रिएन ही एक. दुसरी लॅनिस्टरांचा योद्धा सँडर क्लेगेन आणि स्टार्कांची थोरली मुलगी सान्सा, कारण धिप्पाड, केसाळ, भीतीदायक माणूस आणि गाण्यांची आवड असलेली मुलगी हे वर्णन त्यांना लागू पडते. तिसरी डेनेरिस आणि तिचा सल्लागार जोरा मॉर्मांट, कारण मॉर्मांट घराण्याचे चिन्हच अस्वल आहे. तिन्हींपैकी पहिलीला प्रत्यक्ष प्रसंगाचा आधार आहे, उरलेल्या दोन केवळ प्रतिमांच्या साम्यावर उभ्या आहेत. सातव्या भागाची पटकथा स्वतः मार्टिन यांची आहे. त्यांनी लिहिलेल्या चार भागांपैकी तीन भागांत गाण्याला मानाची जागा आहे: ‘द नॅशनल’चा तो भाग, हा अस्वलाचा भाग आणि चौथ्या सीझनमधला सर्सीचा मुलगा राजा जॉफ्री याचा विवाह, जिथे आइसलँडचा ‘सिगुर रोस’ बँड मेजवानीत गातो. लेखकाचे नाव आणि गाणे एकत्र आले की चाहत्यांनी कान टवकारावेत, हे योग्यच.

रेगारची हार्प आणि जॉनचा जन्म

नेडचा अनौरस मुलगा मानला जाणारा जॉन स्नो हा नेडचा नव्हे, तर डेनेरिसचा थोरला भाऊ रेगार टारगेरियन आणि नेडची बहीण लियाना स्टार्क यांचा मुलगा, ही थिअरी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून चाहत्यांत होती. तिच्या मुळाशीही संगीतच आहे. कादंबऱ्यांत रेगार रुपेरी तारांची हार्प वाजवतो, हॅरनहॉल किल्ल्यावरच्या शस्त्रस्पर्धेच्या वेळी त्याचे गाणे ऐकून लियानाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि नंतर तो तिला निळ्या गुलाबांचा मुकुट देतो. दुसऱ्या कादंबरीत रानटी टोळीतली यग्रिट जॉनला बेल या गायकाची गोष्ट सांगते. बेल विंटरफेलमध्ये गातो, बक्षीस म्हणून निळा गुलाब मागतो आणि स्टार्कांची मुलगी घेऊन नाहीसा होतो. पुढे तिचा मुलगा स्टार्क म्हणून वाढतो. जॉनला त्याचीच कहाणी दुसऱ्याच्या नावाने ऐकवली जाते आहे, हे ओळखणाऱ्यांची दाद द्यायला हवी.

मालिकेत पाचव्या सीझनचा चौथा भाग या दृष्टीने पाहावा. जुना शूरवीर बॅरिस्टन डेनेरिसला रेगार रस्त्यावर जाऊन गायचा ते सांगतो, कारस्थानी दरबारी लिटलफिंगर सान्साला हॅरनहॉलचे गुलाब सांगतो आणि सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस नेडच्या अनौरस मुलाच्या कथेवर शंका घेतो. तिन्ही उल्लेख एकाच भागात येतात. सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात (26 जून 2016) लियाना ही जॉनची आई असल्याचे दिसले. सातव्या सीझनच्या शेवटी (27 ऑगस्ट 2017) तिचे रेगारशी झालेले लग्न आणि जॉनचे खरे नाव कळले.

त्या शेवटच्या दृश्यमालिकेवर ‘ट्रुथ’ ही रचना आहे. रेगार–लियानाचे लग्न आणि जहाजावरची जॉन–डेनेरिसची जवळीक यांच्यावर एकच प्रेमधून सलग वाजते. आत्या आणि भाचा यांचे मीलन आणि त्यांच्या नात्याचा उलगडा असे एका सुरात बांधलेले आहेत, म्हणून ते संगीत गोड असूनही अस्वस्थ करते. या भागासाठी जवादी यांना 2018 चा एमी पुरस्कार मिळाला. आठव्या सीझनच्या अल्बममधले ‘स्टे अ थाउजंड इयर्स’ पहिल्या भागातल्या धबधब्याजवळच्या संवादावरून आणि ‘बी विथ मी’ शेवटच्या भागातल्या डेनेरिसच्या अखेरच्या विनवणीवरून नाव घेते. ही जोडी संगीताच्या अंगाने अभ्यासायची तर हे तीन तुकडे लागोपाठ ऐकावेत.

संगीतावरून चुकलेली एक थिअरीही इथलीच आहे. उत्तर सीमेवरच्या हिमभिंतीपलीकडचा राजा मॅन्स रेडर उत्तम गातो आणि वाजवतो, म्हणून तो जिवंत राहिलेला रेगार असावा, असे काहींनी मांडले. पण कादंबरीत मॅन्स नाइट्स वॉच या भिंतीच्या रक्षकदलात वाढलेला आहे, जुने शिपाई त्याला ओळखतात आणि जॉननेही त्याला लहानपणी पाहिलेले असते. एका कौशल्यावरून दोन माणसे एक ठरवता येत नाहीत.

पियानोचा सापळा

सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागापर्यंत या मालिकेत पियानो नव्हता. दिग्दर्शक मिगेल सापोच्निक यांनी तो सुचवला आणि सर्सी सेप्ट, म्हणजे राजधानीतले मोठे मंदिर, उडवून देते त्या प्रसंगावर ‘लाइट ऑफ द सेव्हन’ ही सुमारे 10 मिनिटांची रचना आली. आधी एकटा पियानो, मग मुलांचे आवाज, मग ऑर्गन. त्यावरून ‘पियानो म्हणजे सर्सी’ आणि ‘पियानो म्हणजे आपल्या माणसांचा मृत्यू’ असे दोन निष्कर्ष निघाले. 28 एप्रिल 2019 च्या भागात, पुन्हा सापोच्निक यांच्याच दिग्दर्शनात, मृतांच्या सैन्याचा राजा नाइट किंग स्टार्कांचा मुलगा ब्रॅन याच्याकडे चालू लागतो तेव्हा पियानो सुरू झाला. सर्सीचा तिथे संबंध नव्हता आणि अखेर मेला तो नाइट किंग. एकाच उदाहरणावरून वाद्याला अर्थ चिकटवला की असे होते. निदान दोन स्वतंत्र प्रसंग जुळल्याशिवाय वाद्याला पात्राचे नाव देऊ नये.

थिअरी तपासण्याची रीत

वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक वेळी भाग, मिनिट-सेकंद, वाद्य, दृश्यातली पात्रे, ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे ती पात्रे, आणि धून पूर्ण की तुकडा, एवढे लिहावे. सर्वांत जास्त चुका शेवटून दुसऱ्या रकान्यामुळे टळतात, कारण धून बऱ्याचदा गैरहजर माणसाची असते. हार्मोनियमवर धून सरगममध्ये उतरवून सगळी उदाहरणे एकाच सा वर आणावीत. निदान पाच-सहा स्वर त्याच क्रमाने आणि जवळपास त्याच लयीत जुळले पाहिजेत. सा, कोमल ग, म असे तीन स्वर जुळणे हा पुरावा नाही, कारण अशा उदास ठेवणीच्या संगीतात ते जिकडेतिकडे सापडतात.

पट्टी जुळते की नाही यावर विसंबू नये. भारतात आणि युरोपात चाललेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर 24 फ्रेमचे चित्रण 25 वर चालवले असेल, तर वेग सुमारे 4 टक्के वाढतो आणि स्वर अर्ध्या सुरापेक्षा थोडे कमी, पण कानाला जाणवेल इतके चढतात. 5.1 (सहा चॅनलच्या) ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. तो बंद केला की मागचे संगीत बरेच मोकळे ऐकू येते. संवाद पुसणारे सॉफ्टवेअर वापरले तर उरलेले आवाजाचे पुसट अवशेष कोरससारखे भासतात, आणि नसलेले वृंदगान ‘सापडते’.

अल्बम हा सोयीचा असला तरी दुय्यम पुरावा आहे. त्यात वेगवेगळ्या प्रसंगांचे तुकडे जोडलेले असतात आणि क्रमही कथेचा नसतो. प्रत्यक्ष भागच तपासावा. स्ट्रीमिंगवर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर श्रेयनामावलीवरचे गाणे हातचे जाते.

न सुटलेला धागा

आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात, लढाईच्या आदल्या रात्री, ब्रिएनचा सेवक पॉड्रिक ‘जेनीचे गाणे’ गातो. नंतर श्रेयनामावलीवर ‘फ्लॉरेन्स अँड द मशीन’चे रूप येते. कादंबरीत या गाण्याची जेमतेम एक ओळ आहे, बाकीचे शब्द मालिकेच्या निर्मात्यांनी लिहिले. जेनी ही सामान्य घरची मुलगी, तिच्यासाठी राजपुत्र डंकन टारगेरियनने सिंहासनावरचा हक्क सोडला. म्हणून जॉन डेनेरिससाठी राज्य सोडेल, असा कयास 2019 मध्ये बांधला गेला. तो अर्धाच उतरला: जॉनला राज्य नकोच होते, पण डेनेरिसचा जीव त्याच्याच हातून गेला.

त्याच गाण्याविषयीची जुनी थिअरी मात्र अजून उभी आहे. हॅरनहॉलला लियानाला रडवणारे गाणे जेनीचेच असावे, असे अनेक वाचक मानतात. प्रेमासाठी हक्क सोडणारा टारगेरियन राजपुत्र हा विषय रेगारच्या तोंडी शोभतो. कादंबरीत त्या गाण्याचे नाव कुठेही दिलेले नाही.