बेटावर मांजर आजारी का पडलं नाही?

रविवारी सकाळी नाशकात नावाजलेल्या ठिकाणची मिसळ खायची तर आधी नंबर लावायचा आणि तासभर ताटकळायचं. त्या ताटकळण्यात भाचीने विचारलं, "मामा, निर्जन बेटावर एकटीच अडकले तर सोबत काय असावं?" अकरावीत आहे, असले प्रश्न तिला सुचतात. तिची स्वतःची यादी तयार होती: सुरी, काडेपेटी, दोर. मी म्हटलं, "मूठभर मटकी." ती हसली. मग आमचा नंबर येईपर्यंत मी तिला एडा ब्लॅकजॅकची गोष्ट सांगितली.

एडा अलास्काची, इन्युपियाक जमातीतली. वय 23. मुलाला क्षय झालेला, उपचाराला पैसे नाहीत. म्हणून 1921 च्या सप्टेंबरमध्ये ती कपडे शिवायचं काम पत्करून चार पुरुषांच्या मोहिमेबरोबर रँगल बेटावर गेली. सैबेरियाच्या उत्तरेला समुद्रात असलेलं हे बेट आपल्या नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याएवढं आहे. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. तिथे हिवाळाभर तो शून्याच्या खूप खाली असतो. सामान सहा महिन्यांचं होतं, बाकीचं शिकारीवर भागेल असा हिशेब. पुढच्या उन्हाळ्यात निघालेलं मदतीचं जहाज बर्फामुळे पोहोचलंच नाही. जानेवारी 1923 मध्ये तिघे जण गोठलेल्या समुद्रावरून सैबेरियाकडे निघाले, ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. मागे उरली एडा, आजारी पडलेला लॉर्न नाइट आणि व्हिक नावाची मांजर.

नाइटला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा आजार, झाला होता. जूनमध्ये तो गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये जहाज येईपर्यंत एडा जवळपास दोन महिने एकटी होती. सापळे लावायला आणि बंदूक चालवायला ती तिथेच शिकली. अस्वलं लांबूनच दिसावीत म्हणून तिने उंच मचाण बांधलं. होडीसुद्धा केली. हे सगळं थक्क करणारं आहेच, पण मला त्या तंबूतल्या मांजरीचं जास्त नवल वाटतं.

कारण व्हिकला स्कर्व्ही होणं शक्यच नव्हतं. मांजराचं यकृत साखरेपासून क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं. बाहेर फिरणारे पांढरे कोल्हे आणि अस्वलंही करतात. बकरी तर रोज काही ग्रॅम बनवते. आपल्या यकृतातही त्या प्रक्रियेच्या पायऱ्या आहेत, फक्त शेवटची पायरी करणारं विकर (एन्झाइम) नाही. त्याचं जनुक आपल्यात आजही आहे, पण मोडकं. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकडवंशी पूर्वजांमध्ये ते बिघडलं. फळं-पानं खाणाऱ्यांना त्याची उणीव जाणवली नसणार, त्यामुळे बिघाड तसाच पुढे आला. त्या बेटावरच्या सस्तन प्राण्यांमध्ये हे जीवनसत्त्व बाहेरून मिळवावं लागणारी, माझ्या मते, माणसंच तेवढी असावीत.

हे जीवनसत्त्व कमी पडलं की नेमकं काय होतं? आपली कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने धरून ठेवलेल्या असतात. सुंभाचे तीन पदर एकत्र वळावेत तशी त्याची रचना. तो पीळ घट्ट बसण्यासाठी जी रासायनिक क्रिया लागते ती क जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. मग पीळ सैल पडतो. हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे वर्षांपूर्वी भरून आलेली जखम पुन्हा उघडते. शरीरातला साठा दीड ग्रॅमच्या आसपास असतो. एक ते तीन महिन्यांत तो लक्षणं दिसण्याइतका उतरतो. हे टाळायला रोज 10 मिलिग्रॅम पुरतात. पोहे करताना लिंबाचा एखादा थेंब कढईबाहेर उडतो ना, तेवढ्यात नाही भागणार. पण अर्ध्या लिंबात भागतं.

बर्फात लिंबू कुठलं? तिथे आधार ताज्या मांसाचा, विशेषतः यकृतासारख्या अवयवांचा, तेही कच्चं किंवा जेमतेम शिजवलेलं. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं, त्यामुळे खूप उकळलं की उपयोग संपला. (पांढऱ्या अस्वलाचं यकृत मात्र चुकूनही नको. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की विषबाधा होते.)

एवढ्यात ताट आलं आणि मी मटकीकडे वळलो. डब्यातल्या कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. भिजवून फडक्यात बांधली की वाढणारा अंकुर ते स्वतः तयार करतो. पहिल्या महायुद्धात, 1915-16 च्या हिवाळ्यात, इराकमधल्या कूत इथे इंग्रजांच्या हिंदी फौजेची पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. अन्न संपत आलं तेव्हा गोरे सैनिक घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी बरेच दिवस ते नाकारलं, आणि स्कर्व्ही त्यांच्यातच जास्त पसरला. मोड आलेल्या कडधान्यांनी तो टळतो का, हे पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर तपासलं. गिनीपिगवर का? तोही आपल्यासारखाच, जनुक मोडलेला.

"मग द्राक्षं?" भाचीने विचारलं. नाशिककराला दुखेल, पण खरं सांगायचं तर 100 ग्रॅम द्राक्षांत हे जीवनसत्त्व जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. तेवढ्याच पेरूत 200 च्या आसपास. बेदाण्यांचं तर बोलूच नका.

मटकी उसळीत शिजली की तिच्यातलंही बरंच जातं, हे तिने स्वतःच ओळखलं. मग शेजारच्या वाटीतली कच्ची मोडाची मटकी चमच्याने उचलून तिने तशीच तोंडात टाकली. लिंबाची फोड रस्सा थोडा निवेपर्यंत बाजूला ठेवली आणि विचारलं, "त्या मांजरीचं काय झालं?"

व्हिक एडाबरोबर सुखरूप परत आली.