जॉन कर्कचा कडू टूथब्रश

जॉन कर्क ओळखला जातो तो पूर्व आफ्रिकेतल्या झांजिबारमधला ब्रिटिश सरकारचा वकील (कॉन्सल) म्हणून. आरमारी नाकेबंदीची धमकी देऊन ५ जून १८७३ रोजी त्याने सुलतान बरगशकडून गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही घेतली. पण हा मुळात एडिनबराला शिकलेला डॉक्टर आणि वनस्पतींचा नादिष्ट. वकिलातीत येण्याआधी, १८५८ पासून, तो आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी नदीवरच्या मोहिमेत होता.

तिथले शिकारी बाणाला ‘कोम्बे’ हे विष लावत. लोखंडी पात्याची आखूड काडी लांब दांड्यात नुसती खोचलेली असे. जनावर पळू लागलं की दांडा गळून पडे आणि विषाने माखलेली काडी मांसातच राही.

या विषाचा नमुना कर्कच्या खिशात होता, त्याच खिशात टूथब्रशही. एकदा दात घासताना तोंड कडू झालं. ब्रशच्या दांडीने तो कधीमधी क्विनीन हे हिवतापावरचं कडू औषध घेई, म्हणून त्याने तिकडे काणाडोळा केला. पण सर्दीने चढलेली नाडी लगेच उतरली, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला.

हे विष स्ट्रोफॅन्थस नावाच्या वेलीच्या बियांचं. पुढे एडिनबरात टॉमस फ्रेझरने त्यातून स्ट्रोफॅन्थिन वेगळं केलं. हृदयाच्या पेशीतलं सोडियम बाहेर टाकणारा पंप ते रोखतं. सोडियम साचलं की कॅल्शियमलाही बाहेर पडता येत नाही, आणि कॅल्शियम वाढलं की आकुंचन जोरकस होतं. अल्प मात्रेत नाडी संथ आणि ठोका दमदार. जरा जास्त झालं की ताल बिघडून हृदय थांबतं. या दोन मात्रांमधलं अंतर फार थोडं, खरी गोम तीच.

आतड्यातून हे द्रव्य जेमतेम शोषलं जातं. म्हणून बाण लागला त्या जागेचं मांस कापून टाकलं की बाकीची शिकार खाता येई. याच कारणाने तोंडाने दिलेल्या अर्काचा भरवसा नसे: कुणाला गुण येई, कुणाला नाही. (आपल्याकडची कण्हेर आणि बिट्टी याच कुळातल्या, त्यांचं विषही हाच पंप रोखतं, पण ते पोटातूनही भिनतं, तेव्हा शिकाऱ्यांचा हिशेब तिथे लावू नये.)

१९०६ मध्ये आल्बर्ट फ्रेंकेलने स्ट्रोफॅन्थिन थेट शिरेतून दिलं आणि मिनिटांत परिणाम दिसू लागला. धोकाही तितकाच वाढला. ज्याला आधीपासून डिजिटॅलिस (हाच पंप रोखणारं हृदयाचं दुसरं औषध) चालू आहे त्याला हे टोचलं तर दोन्ही औषधं एकाच पंपावर बसतात, आणि एरवी सोसली असती ती मात्राही जिवावर बेतते.