विराणी आणि ‘एकतर्फी’ प्रेम : एका गोंधळाची पार्श्वभूमी

गाण्यातला ‘तो’ आला नाही, की हल्ली आपण प्रेम एकतर्फी होते असे म्हणून मोकळे होतो. विराणीलाही, म्हणजे विठ्ठलाला प्रियकर मानून बाईच्या तोंडून गायलेल्या विरहगीतालाही, हेच लेबल चिकटले आहे. मला ते चुकीचे वाटते.

आपेगाव, पैठण, गंगाखेड हा संतांचा गोदाकाठ वाचकांना नव्याने सांगायला नको. तेराव्या शतकातल्या ज्ञानेश्वरांच्या या रचनांत कवी पुरुष आणि क्रियापद बाईचे असते : ‘बाहेरी निघाले’, ‘ठकचि मी ठेले’. बोलणे ‘गे माये’शी चालते आणि शेवटच्या चरणात मुद्रिका, म्हणजे कवीची नाममुद्रा येते, ‘बापरखुमादेवीवरु’, रखुमाईचा वर विठ्ठल. इतका वेळ कुणासाठी जीव टांगणीला लागला होता, ते तिथे कळते.

खरा घोळ ‘विराणी’ या शब्दातच आहे. तो ‘विरहिणी’वरून आलेला. विरहात असलेली बाईही विरहिणी आणि तिचे गाणेही विरहिणी. पण फारसी ‘वीरान’ आपल्याकडे ‘विराण’ म्हणून रुळले आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात उजाड माळच उभा राहतो. गाण्यात तसे काही नसते. ती बाई पलीकडे कोकणाऱ्या कावळ्याला दहीभाताची उंडी देऊ करते, दुधाची वाटी भरते. पाहुणा येणारच नसेल तर एवढा थाट कोण मांडेल? तिच्या वाट्याला उशीर आहे, नकार नाही. हा फरक सुटला की सगळी विराणी रडगाणे होऊन बसते.

नकार आला तो दुसऱ्या वाटेने. खुलताबादच्या दर्ग्यांत चौदाव्या शतकापासून सूफींची चिश्ती परंपरा नांदते, आणि अठराव्या शतकात औरंगाबादच्या सूफी शायरीने इश्क थेट बेखुदीपर्यंत, स्वतःचे भान हरपण्यापर्यंत नेला. जुन्या दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दूत, ‘पिया’ला हाक मारणारी अनेकदा बाईच होती. पुढे गझलेत आशिक पुरुष झाला आणि माशूक, म्हणजे ज्याच्यावर प्रेम तो, बेपर्वा. तिथे इश्क-ए-मजाज़ी (माणसावरचे प्रेम) आणि इश्क-ए-हकीकी (ईश्वरावरचे प्रेम) या दोन पायऱ्या मानल्या जातात, म्हणून माशुकाच्या बेपर्वाईलाही आध्यात्मिक अर्थ लागतो.

निजामी राजवटीत शाळा-कचेरीची भाषा उर्दू होती. 1948 पर्यंत शिकलेली मराठवाड्यातली पिढी दिवसा उर्दू वाचायची आणि रात्री भजनाला टाळ घेऊन बसायची. तिला दोन्हींतला फरक कानानेच कळत असणार.

तो पुसला गेला तबकडी, रेडिओ आणि सिनेमा आल्यावर. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. लांब रचना बसवायची तर चरण गाळावे लागत, आणि त्यात मुद्रिकेचा चरण गेला की विठ्ठलही गेला. उरते ती प्रियकराची वाट पाहणारी बाई. त्यातच सिनेमागीतांनी गझलेची बेवफाई घरोघर नेली आणि आपण तीच मागे नेऊन विराणीवर लादली. गाताना शेवटचा चरण सोडू नये, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

गंगाखेडच्या जनाबाईचा अभंगही याच चष्म्यातून वाचला जातो. ती स्वतःला ‘येसवा’, म्हणजे वेश्या, म्हणवते. या एका शब्दाने अनेकजण बिचकतात, कुणी त्यात झिडकारलेली बाई पाहतात. पण डोईचा पदर खांद्यावर आला तरी ती भरल्या बाजारी जायला निघते, कोण मना करील असे विचारते, आणि त्याच्या येण्याची वाटही पाहत नाही. ‘रिघाले केशवा घर तुझे’ म्हणत स्वतःच त्याच्या घरात शिरते.