मीटरवर २३०च, तरी ट्रान्सफॉर्मर का घुमतो?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या कितीतरी वाड्यांत त्यानंतर बरेच दिवस लाइट नव्हती. असे दिवस स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह, म्हणजे व्होल्टेजची चौकोनी लाट देणाऱ्या, इन्व्हर्टरवर काढलेल्यांना तो आवाज ठाऊक असेल. लाइट गेली की पंख्याची घरघर वाढते आणि जुन्या स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर घूंऽऽ करत तापू लागतो, मीटर मात्र २३० व्होल्टच दाखवतो.

हे कोडं नवं नाही. १८८५ साली बुडापेस्टमध्ये बंद गाभ्याचा (तारेच्या वेढ्यांमधलं लोखंड सलग बंद असलेला) ट्रान्सफॉर्मर तयार झाला, तेव्हाच्या जनित्रांच्या व्होल्टेजची लाटही ओबडधोबडच असे. लाट टोकदार असेल तर गाभ्यातला लोखंडी व्यय, म्हणजे लोखंडात उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा, कमी होतो, हे त्या पिढीच्या ध्यानात आलं होतं. पण टोक उंच झालं की इन्सुलेशनवर ताण येतो. शेवटी साइन, म्हणजे गोलसर चढउताराची, लाटच पक्की झाली.

लाटेचा आकार गाभ्याला जाणवतो, त्याचं कारण साधं आहे. गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेजच्या शिखरावर ठरत नाही. अर्ध्या लाटेखालच्या क्षेत्रफळावर, म्हणजे सरासरीवर ठरतं. आरएमएस (उष्णता देण्याच्या हिशेबातलं व्होल्टेजचं परिणामी मूल्य) २३० च ठेवून साइनऐवजी चौकोनी लाट दिली, तर सरासरी सुमारे ११ टक्के वाढते. गाभा १.७ टेस्लावर (टेस्ला हे चुंबकत्वाच्या घनतेचं एकक) चालत असेल तर तो १.९ च्या जवळ जातो. सिलिकॉन पोलाद २ टेस्लाच्या आसपास तृप्त होतं, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व फारसं मावत नाही, त्यामुळे चुंबकत्व ११ टक्के वाढलं तरी गाभ्याला चुंबकत्व देणारा चुंबकन प्रवाह कित्येक पटींनी उसळतो. (तो प्रवाह शुद्ध साइन व्होल्टेजवरही टोकदारच असतो, त्यात तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचा भाग, ठळक.)

गंमत मल्टिमीटरची. महागडा ट्रू-आरएमएस मीटर या लाटेला २३० दाखवतो. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, म्हणून २५५ दाखवतो. चूक साध्याची, पण गाभ्याला जाणवतं ते २५५ च! कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचा नो-लोड व्यय (भार नसताना होणारा व्यय) तपासताना व्होल्टेज आजही सरासरी मोजणाऱ्या मीटरवर लावतात, ते याचमुळे.

गावातल्या डीपीची (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) गोष्ट मात्र वेगळी. एलईडी दिवे आणि चार्जर लाटेच्या शिखरापाशीच प्रवाह ओढतात, त्यामुळे लाटेचा माथा चपटा होतो. पण माथा छाटला गेला की क्षेत्रफळही किंचित घटतं, त्यामुळे गाभ्याला फारसा त्रास नाही. अशा भाराने डीपी जास्त तापते ती वाइंडिंगमध्ये (तारेच्या वेढ्यांत), हार्मोनिक प्रवाहांच्या भोवरा-व्ययाने, म्हणजे तारेत भोवऱ्यासारखे फिरणाऱ्या प्रवाहांत वाया जाणाऱ्या ऊर्जेने, आणि तो व्यय वारंवारतेच्या वर्गाने वाढतो.