जमीनसुधारणा, दक्षिण आफ्रिकेतील

वर्णभेदी कायद्यांनी हिरावून घेतलेली जमीन मूळ धारकांना किंवा त्यांच्या वारसांना परत देणे, भूमिहीन कृष्णवर्णीयांना नवी जमीन मिळवून देणे आणि ज्यांची वहिवाट कधी कागदावर चढलीच नाही त्यांचे हक्क पक्के करणे, या तीन कामांना मिळून दक्षिण आफ्रिकेत जमीनसुधारणा म्हटले जाते. १९९४ मध्ये गोऱ्या अल्पसंख्याकांची राजवट संपताना सत्तेचा आणि जमिनीचा प्रश्न एकाच वाटाघाटीत सोडवला गेला. त्यांपैकी सत्तेची वाटणी काही महिन्यांत अमलात आली. जमिनीची वाटणी तीस वर्षांनंतरही अपुरी आहे.

जमीन हिरावण्याची सुरुवात सतराव्या शतकात केपमध्ये डच वसाहत झाल्यापासूनच झाली होती, पण तिला देशव्यापी कायद्याचे रूप दिले ते १९ जून १९१३ रोजी अमलात आलेल्या नेटिव्ह्ज लँड ॲक्टने. बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी देशाची सुमारे ७ टक्के जमीन राखीव ठरली आणि तिच्याबाहेर जमीन विकत किंवा खंडाने घेण्यास त्यांना मनाई झाली. १९३६ च्या कायद्याने हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचे ठरले. फ्री स्टेट प्रांतात गोऱ्याच्या शेतावर स्वतःच्या बैलांनी अर्धेलीने शेती करणारी कुटुंबे पुष्कळ होती. या कायद्याने अर्धेलीच बंद केल्यामुळे त्यांना एक तर बिनवाट्याचे मजूर होऊन राहावे लागले, नाही तर गुरेढोरे घेऊन वाट धरावी लागली. पत्रकार सॉल प्लायकी यांनी त्या भागात फिरून रस्त्यावर आलेली ही कुटुंबे पाहिली आणि १९१४ मध्ये या कायद्याविरुद्ध दाद मागायला लंडनला गेलेल्या शिष्टमंडळात ते सामील झाले. मात्र ब्रिटिश सरकारने हस्तक्षेप केला नाही. १९५० च्या ग्रुप एरियाज ॲक्टने हीच विभागणी शहरांत आणली. केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतून ६० हजारांहून अधिक लोक उठवले गेले, आणि डर्बनमधील भारतीय वंशाच्या कुटुंबांनाही या कायद्याखाली घरे सोडावी लागली. १९६० ते १९८३ या काळात सक्तीने हलवलेल्यांची संख्या सुमारे ३५ लाख मानली जाते.

वर्णभेदी जमीनकायदे १९९१ मध्ये रद्द झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घटनात्मक वाटाघाटी सुरू झाल्या. कम्युनिस्ट नेते जो स्लोव्हो यांनी १९९२ मध्ये असा तोडगा सुचवला, की ठरावीक मुदतीपुरती सत्तेत भागीदारी द्यावी आणि जुन्या नोकरवर्गाच्या नोकऱ्यांना हमी द्यावी. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेने त्याला आकार दिला. ४०० जागांच्या सभागृहात २० जागा मिळवणाऱ्या पक्षाला मंत्रिमंडळात आणि ८० जागा मिळवणाऱ्याला उपाध्यक्षपदावर हक्क मिळाला. एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला २५२, आधीच्या गोऱ्या राजवटीच्या नॅशनल पार्टीला ८२ आणि मुख्यतः झुलूंच्या इंकाथा फ्रीडम पार्टीला ४३ जागा मिळाल्या. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, थाबो म्बेकी व एफ. डब्ल्यू. डी क्लर्क उपाध्यक्ष झाले आणि इंकाथाचे मंगोसुथु बुथेलेझी गृहखात्याचे मंत्री झाले. नॅशनल पार्टी १९९६ मध्ये बाहेर पडली. देश यादवीच्या उंबरठ्यावरून मागे वळला, यात या भागीदारीचा वाटा मोठा आहे.

याच तडजोडीत मालमत्तेच्या हक्काला घटनेचे संरक्षण मिळाले. १९९६ च्या राज्यघटनेचे २५ वे कलम त्यामुळे अनेकांना सुधारणेतील धोंड वाटते, पण ते नीट वाचल्यास तसे दिसत नाही. सार्वजनिक हितासाठी सरकार जमीन संपादन करू शकते आणि जमीनसुधारणा हे सार्वजनिक हितच होय, असे ते कलम स्पष्ट सांगते. मोबदला ठरवताना बाजारभावाबरोबर जमीन कशी मिळवली गेली होती, सरकारने तिच्यावर किती खर्च केला होता आणि संपादनाचा हेतू काय, हेही पाहायचे असते. विकणारा राजी असेल तरच आणि बाजारभावानेच खरेदी करायची, हे बंधन घटनेने नव्हे, तर नव्या सरकारच्या धोरणाने घातले. पाच वर्षांत गोऱ्यांच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ३० टक्के जमीन हस्तांतरित करण्याचे उद्दिष्ट होते. मुदत पुढे २०१४ पर्यंत वाढवूनही ते गाठले गेले नाही. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावरील शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडेच होती.

जमीन परत मागण्याचा हक्क १९९४ च्या कायद्याने दिला आणि त्यासाठी स्वतंत्र न्यायालय नेमले. १९९८ अखेरच्या मुदतीपर्यंत सुमारे ८० हजार दावे दाखल झाले. शहरांतील बहुतेक दावे रोख भरपाईवर मिटले. दाव्यासाठी १९ जून १९१३ ही सीमारेषा ठरल्यामुळे त्याआधी जमीन गमावलेले खोई व सान हे आदिवासी लोक मात्र या कायद्याबाहेरच राहिले, आणि ही उणीव लहान नाही. तरीही कायद्याने काय साधता येते हे मकुलेके समाजाच्या दाव्यात दिसते. १९६९ मध्ये क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकावरून उठवल्या गेलेल्या या त्सोंगाभाषक लोकांना १९९८ मध्ये सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळाली. तेथे वस्ती किंवा शेती न करता जंगल राखण्याचे त्यांनी मान्य केले, आणि आता उद्यान प्राधिकरणाबरोबर ते तिचा संयुक्त कारभार पाहतात. देशाच्या वायव्य टोकावरील रिख्टर्सव्हेल्डच्या नामा समाजाच्या दाव्यात घटना न्यायालयाने २००३ मध्ये त्याहून पुढे जाऊन असे ठरवले, की रूढ कायद्यानुसारची मालकी ही पूर्ण मालकीच होती आणि तिच्यात भूगर्भातील खनिजेही येतात.

मोबदल्याशिवाय संपादन करण्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रयत्न डिसेंबर २०२१ मध्ये दोनतृतीयांश मतांअभावी फसला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी सही केलेला संपादन कायदा काही परिस्थितींत शून्य मोबदल्याला वाव देतो, पण तसे करणे न्याय्य व सार्वजनिक हिताचे असले पाहिजे, अशी त्याची अट आहे.

गोऱ्यांकडून जमीन कशी घ्यावी यावरच देशातील वाद पेटत असले, तरी घेतलेली जमीन कोणाच्या नावावर राहते हा प्रश्न तितकाच कळीचा आहे. २००६ नंतर सरकार जमीन विकत घेऊन स्वतःकडेच ठेवू लागले आणि शेतकऱ्याला भाडेपट्टा देऊ लागले, त्यामुळे कसणारा पुन्हा कूळच राहिला. क्वाझुलू-नाताळमध्ये सुमारे २८ लाख हेक्टर जमीन झुलू राजा विश्वस्त असलेल्या इंगोनियामा ट्रस्टकडे आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडून भाडेपट्टे लिहून घेण्याची ट्रस्टची पद्धत उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली आणि वसूल केलेले भाडे परत करण्यास सांगितले. गोऱ्यांच्या शेतांवर श्रमाच्या बदल्यात राहणाऱ्या कुळांना १९९६ च्या कायद्याने मार्च २००१ पर्यंत मालकी मागता येत होती; परंतु त्यांचे हजारो अर्ज सरकारी खात्यात वर्षानुवर्षे पडून राहिले आणि अर्जदारांपैकी काहींचा निकालाआधीच मृत्यू झाला. २०१९ मध्ये घटना न्यायालयाने हे अर्ज मार्गी लावण्यासाठी जमीन न्यायालयाने केलेली विशेष अधिकाऱ्याची नेमणूक कायम केली.