शेततळ्यातला मासा आणि जड धातू : नाशिकची पार्श्वभूमी

माशातल्या जड धातूंकडे जगाचे लक्ष गेले ते जपानमधल्या मिनामातामुळे. तिथल्या कारखान्याने खाडीत सोडलेला मिथाइल पारा माशांतून माणसांत गेला. 1956 मध्ये पहिले रुग्ण नोंदले गेले, सरकारने कारण मान्य करायला 1968 उजाडले. माशातल्या पाऱ्यावर पुढे ज्या मर्यादा आल्या, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे समुद्रातला मासा होता. पाळलेल्या माशाच्या पोटात मात्र आपण घालू तेच जाते. फिशमीलमधून (वाळलेल्या माशांच्या भुकटीतून) पारा आणि अर्सेनिक येतो, खाद्यात जस्तासाठी घातलेल्या हलक्या प्रतीच्या झिंक सल्फेटमधून कॅडमियम आणि शिसे. डीसीपी, म्हणजे खाद्यात फॉस्फरससाठी घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट, बनते रॉक फॉस्फेटपासून, त्यातही कॅडमियम असते. युरोपीय संघाने 2002 मध्ये पशुखाद्यातल्या या चारही धातूंना मर्यादा घातल्या, मत्स्यखाद्य त्यातच आले.

नाशिकमध्ये आणखी एक वाट आहे. निफाड-दिंडोरीकडची शेततळी खोदली गेली द्राक्षासाठी. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने ती वाढली. रोहू, कटला, मृगळ हे जोडउत्पन्न. त्यामुळे बागेचे रसायन आणि माशाचे पाणी शेजारी-शेजारी आले. द्राक्षावर फवारायचे बोर्डो हे बुरशीनाशक मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्यापासून बनते. 1 टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, आणि मोरचुदात साधारण 25 टक्के तांबे. मोरचूद भिजवलेल्या ड्रमच्या तळाशी 200 ग्रॅम मोरचूद राहिले आणि ड्रम तळ्यातच विसळला, तर 50 ग्रॅम तांबे पाण्यात गेले. उन्हाळ्यात तळे 5 लाख लिटरवर आलेले असेल, तर लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम. मऊ पाण्यात बोटुकलीचे (माशाच्या बोटभर पिलांचे) कल्ले खराब व्हायला एवढे पुरते. जड पाण्यातला कॅल्शियम थोडे संरक्षण देतो, म्हणून एकाच गावात एकाची बोटुकली मरते, दुसऱ्याची तगते. ड्रम आणि ब्लोअर (फवारणी यंत्र) तळ्यापासून लांब धुवा, यात तडजोड नको.

बोर्डोतल्या चुन्यामुळे तळाशी बसलेले तांबे आणि कोंबडखतातून आलेले तांबे-जस्त गाळात साचते. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात माती नसली तरी दोन-तीन वर्षांत खत-विष्ठेचा काळा थर जमतोच. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे तळाशी चरणारे मासे तोच उकरून खातात. तपासणीसाठी म्हणूनच नुसते पाणी पाठवून भागत नाही. गाळ आणि खाद्यही द्यावे. माशाचे मांस आणि काळीज (यकृत) वेगवेगळे द्यावे, कारण कॅडमियम यकृत आणि मूत्रपिंडात साठते, मिथाइल पारा मांसात.

अहवालात सर्वांत जास्त घोळ होतो तो वजनाचा. माशातल्या शिशाची 0.3 मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा ओल्या वजनावर आहे. मांसात 75 ते 80 टक्के पाणी असते. कोरड्या वजनावर 1.2 आलेला आकडा ओल्यावर 0.24 ते 0.3 होतो. प्रयोगशाळेने कोणत्या वजनावर मोजले, ते आधी विचारा.